मापांची पोतडी आणि तहसीनचा डबा

तहसीन लग्न होऊन सासरी आली ती कपड्यांची एक पेटी आणि कॉम्प्युटरचे तीन खोके घेऊन. साल नव्व्याण्णव. चंद्रपुरात, लोकांच्या तोंडी चांद्यात, जटपुरा गेटाच्या आतल्या त्या गल्लीने सुनेबरोबर कपाट आलेलं पाहिलं होतं, शिलाई मशीन पाहिलं होतं, एकीबरोबर तर दुभती बकरी आली होती. पण कॉम्प्युटर पहिल्यांदाच येत होता. नवरदेव अजीमच्या ऑटोतून खोके उतरले तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी. सासूने, म्हणजे जाहिदाबाईने, एका खोक्यावर बोटाने टकटक केलं.

"चालते का हे, का नुसतंच पाह्यचं?"

"चालते ना, अम्मी."

"मंग बसवशीन कुठी?"

प्रश्न खरा होता. घर दोन खोल्यांचं. मागची राहायची, पुढची दुकानाची. दारावर 'नवाब लेडीज टेलर' अशी पाटी. पाटीवरचे नवाब मास्टर म्हणजे जाहिदाबाईचे मालक; ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, दुकान तीच चालवत होती, पण पाटी बदलावी असं कोणाच्या मनात आलं नाही. दुकानात एकच कोपरा रिकामा होता, आणि तोही नावालाच रिकामा. तिथे पिको-फॉलची मशीन यायची होती. ती अजून आली नव्हती, पण जाहिदाबाई रोज त्या कोपऱ्याकडे बघून मनातल्या मनात ती चालवत असे. त्याच कोपऱ्यात तहसीनने टेबल मांडून कॉम्प्युटर बसवला.

जाहिदाबाईचं माहेर कोरपन्याचं, कापसाच्या वावरात वाढलेली. दुआ उर्दूत मागायची, हिशेब हिंदीत करायची आणि भांडायची मराठीत. भांडणाला मराठीच्या तोडीची भाषा नाही, असं तिचं ठाम मत होतं. तहसीनचंही तेच मत निघालं, त्यामुळे सासू-सुनेचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघी तोंड सोडायला लागल्या की अजीमला ऑटोत पेट्रोल भरायची आठवण व्हायची. त्याच्याइतकं पेट्रोल चांद्यात दुसरा कोणी भरत नसेल.

तहसीन लग्नाआधी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लास बंद पडला तेव्हा तिथला एक जुना कॉम्प्युटर तिने स्वतःच्या कमाईतून उचलला होता. शिवणकामाशी तिचं वाकडं होतं. सुईत दोरा ओवायला घेतला की तिला जांभया यायच्या. आणि सासर मिळालं ते टेलरचं. जाहिदाबाईने आठ दिवस तिच्या जांभया मोजल्या आणि निकाल दिला.

"हे पाह्य बेटा. तो डब्बा तुह्या हौसेचा हाय, मले मान्य हाय. पण दुकानातल्या जागेनं कमवून खाल्लं पाह्यजे. डब्ब्यानं दुकानाचं काम केलं तं राहू दे. नाई केलं तं त्याले इकू अन् पिको घेऊ."

तहसीनने काळजावर दगड ठेवून हो म्हटलं. त्या डब्याशिवाय आपण या घरात नुसती एक जांभया देणारी सून उरू, हे तिला कळून चुकलं होतं.

आता दुकानाचं असं कोणतं काम होतं, जे कॉम्प्युटरने करावं? ते खुंटीला टांगलेलं होतं. ती जाहिदाबाईची पोतडी.

नवाब मास्टर मापं लिहून ठेवत नसत. वर्तमानपत्राची हातभर पट्टी कापायची आणि बाईच्या अंगाला लावून कात्रीने खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे उंची, जोडखाच म्हणजे खांदा, तीन खाचा म्हणजे छाती, असा त्यांचा हिशेब. पट्टीवर नावगाव काही नाही. टोकाला त्या बाईच्या ब्लाउजचा नखाएवढा तुकडा टाचलेला. जाहिदाबाईने तीच रीत चालू ठेवली होती. चामोर्शीची कुंता म्हटली की तिला जांभळा खण आठवायचा. आठवायला तिला वेळ लागत नसे. वेळ लागायचा तो जांभळा तुकडा पोतडीतून हुडकायला. पोतडी जमिनीवर उपडी व्हायची, चांद्यातल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायांच्या छात्या-कमरा सतरंजीभर पसरायच्या, आणि जाहिदाबाई एकेक पट्टी चाळत बसायची. तोवर गिऱ्हाइकाला चहा. चहा संपेतो गल्लीतल्या दोन भानगडी सांगून व्हायच्या, आणि पट्टी नाही सापडली तर तिसरी रचावी लागायची. नवं माप घेतलं की जुन्या पट्टीचा तिला काही उपयोग नसे. लाईन गेली, वीज बंद पडली, की कोळशाची प्रेस काढावी लागे, ती पेटवायला जुन्या पट्ट्या फार छान.

तहसीनने ठरवलं, मापं कॉम्प्युटरमध्ये टाकायची. नाव ही किल्ली, माप हा ऐवज. किल्ली लावली की ऐवज हजर. भानगडी सांगायची गरजच नको.

कामाला लागली. क्लासमध्ये शिकवलेली सी भाषा कामाला आली, प्रोग्राम तयार झाला. एका दिवशी सकाळपासून बसून तिने अर्धी पोतडी टाईप केली. जाहिदाबाई एकेक तुकडा ओळखून नाव सांगायची, पट्टी टेपला लावून आकडे सांगायची, तहसीन टाईप करायची. दुपारी तहसीन पाठ मोकळी करत चहा ठेवायला मागे गेली. इकडे जाहिदाबाईला एका ब्लाउजला प्रेस मारायची होती. बटणाचा बोर्ड एकच. तिने एक प्लग काढला आणि दुसरा लावला.

तहसीन कप घेऊन आली तेव्हा पडदा काळा होता.

तिच्या प्रोग्रामची गोम अशी होती की तो सगळी मापं डोक्यात ठेवायचा आणि बंद होताना एकदाच हार्ड डिस्कवर लिहायचा. बंद व्हायची संधीच मिळाली नाही. डोक्यातलं होतं ते डोक्याबरोबर गेलं.

"काऊन व, काय झालं?" जाहिदाबाईने प्रेस फिरवत विचारलं.

"सगळं गेलं, अम्मी. अर्धी पोतडी."

"पोतडी तं खुंटीले हाय." तिने मान वर करूनही पाहिलं नाही. "माह्या पोतडीचा कधी प्लग निघाला का?"

तहसीनला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जिंकला. तो प्लग चुकून निघाला की मुद्दाम, हे तिने पुढे कितीदा तरी विचारलं. दरवेळी जाहिदाबाईने अल्लाची शपथ घेतली आणि दरवेळी शपथ घेताना तिला हसू आलं.

प्लग नसता निघाला, तरी चांद्यात लाईन केव्हा जाईल याचा नेम नव्हता. गावाबाहेरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांची राख दोरीवरच्या कपड्यांवर पडायची, पण त्यांची वीज कुठल्या गावाला उजेड करायची ते त्या चिमण्यांनाच ठाऊक. तहसीनने प्रोग्राम पुन्हा मुळापासून लिहिला, आणि या वेळी टेलरच्या घरात राहून लिहिला. मापांची फाईल म्हणजे कापडाचा एक तागा, असं तिने धरलं. नवं माप आलं की ते ताग्याच्या शेवटच्या टोकाला जोडायचं, आणि जोडल्याबरोबर लगेच डिस्कवर उतरवायचं. मागचं काही खोडायचं नाही, उसवायचं नाही. डोक्यात ठेवायचं ते फक्त एवढंच, की कोणत्या नावाचं ताजं माप ताग्यात किती अंतरावर आहे. नाव टाकलं की अख्खा तागा उलगडत बसायचं नाही, नेमकी त्या जागी उडी मारायची. लाईन गेली, डोकं रिकामं झालं, होऊ दे. लाईन आली की प्रोग्राम तागा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळून पत्ते परत पाठ करायचा. तेवढ्यात चहा व्हायचा.

"म्हंजे जुनं मापबी तसंच राह्यते?" जाहिदाबाईने विचारलं.

"राह्यते. पण दाखवत नाई. नवं तेवढं दाखवते."

"मंग कशाले ठेवतं? जाळून टाक ना."

"डिस्कवरून जाळता नाई येत, अम्मी."

"प्रेस पेटवाच्याबी कामाचा नाई," जाहिदाबाई म्हणाली आणि मशीनवर बसली.

दुसऱ्यांदा प्लग निघाला तेव्हा एकही माप गेलं नाही. हा प्लग तहसीनने स्वतः काढला, सासूच्या डोळ्यांदेखत, आणि पुन्हा लावून सगळी मापं घडाघडा काढून दाखवली. गल्लीत आठवडाभर तिचं नाक वर होतं. पण इथे माती खाल्ली ती किल्लीने.

बाजूला बांगड्यांचं दुकान होतं, मीराबाईचं. अंगाने भरभक्कम, आवाजानेही. तिच्या ब्लाउजला तहसीनने कॉम्प्युटरवरून माप काढून दिलं, जाहिदाबाईने शिवला, आणि पोळ्याच्या सकाळी मीराबाई तणतणत दुकानात आली. ब्लाउजच्या एका बाहीत तिचा हात कोपरापर्यंत गेला होता आणि तिथेच अडकला होता.

"जाहिदाबाई, मी का पोरगी हाय पाचवीतली? काढा याले! दुकान उघडं टाकून आली मी!"

झालं होतं असं, की मधल्या काळात दुसरी एक मीराबाई माप देऊन गेली होती. ती तळ्याकाठच्या गावची, मासोळ्या विकणारी, काडीसारखी बाई. किल्ली तीच, मीराबाई. नवं माप ताग्याच्या टोकाला जोडलं गेलं आणि प्रोग्रामने इमानदारीत सगळ्यात ताजी मीराबाई काढून दिली. एका किल्लीने दोन कुलपं उघडली तर दोष कुलपाचा नसतो, हे तहसीनला त्या दिवशी बाही उसवता उसवता कळलं. जाहिदाबाई कात्री हातात धरून हसत सुटली होती, त्यामुळे उसवायचं काम सुनेवरच आलं.

उपाय सोपा होता. नावापुढे नवऱ्याचं नाव जोडायचं. बाजूच्या हरिदासची मीराबाई वेगळी, दुसऱ्या कोणाची वेगळी. कागदावर हे फारच सोपं होतं. तहसीनने दुसऱ्याच दिवशी, मासोळ्या विकायला गल्लीत आलेल्या मीराबाईला विचारलं, "बाई, मालकाचं नाव सांगा."

मीराबाईने पदर तोंडाला लावला.

"बाई, नाव."

"तेच ते," मीराबाई म्हणाली, "आमच्या घरचे."

नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आवंढा गिळावा तसं गिळून ठेवलेलं नाव, ते एका ब्लाउजापायी बाहेर काढायचं? एकीने सांगितलं, पोरगं शाळेत शिकते, त्याले इचारा. एकीने वाटोळा हात फिरवून दाखवला, आणि ती कोणत्या देवाची मूर्ती आहे हे ओळखायला तहसीनला हिंदूंचे अर्धे देव पाठ करावे लागले. पोतडीला असली अडचण कधी पडली नव्हती, हे जाहिदाबाई दर तासाला ऐकवत होती. शेवटी तोड काढली बांगडीवाल्या मीराबाईनेच. बाही निघाल्यापासून तिचा राग उतरला होता आणि तिला दुकानात बसायची गोडी लागली होती.

"नाव असं थोडंच घेतेत? उखाण्यात घेतेत. थांब, मी देतो पहिलं."

आणि कमरेवर हात ठेवून तिने घेतलंच:

"जंगलात वाघ बसे, झाडावर घुबड बोले,
हरिदासरावाच्या घोरण्यानं घरावरचे कवेलू हाले."

दुकानात हशा पिकला. मासोळीवालीने पदर सोडला. ती मागे कशी राहील?

"तळ्यातली मरळ मोठी, सापडत नाई जाळ्यात,
सुकलूरावाले अडकवलं मी मासोळीच्या थाळ्यात."

तहसीनने टाईप केलं: मीराबाई सुकलू. त्या दिवसापासून 'नवाब लेडीज टेलर'मध्ये माप द्यायचं म्हणजे उखाणा घ्यायचा, हा रिवाज पडला. ज्यांना ब्लाउज शिवायचा नव्हता त्यासुद्धा येऊन बसू लागल्या. लग्नात घेतलेल्या पोपटपंची उखाण्यांना इथे किंमत नव्हती. नवा पाहिजे, आणि त्यात नवऱ्याची थोडी तरी खोड निघालीच पाहिजे. अजीम एकदा ऑटोची किल्ली विसरला म्हणून दुपारी दुकानात डोकावला आणि गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांबद्दल इतकं काही ऐकून गेला की महिनाभर त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

उखाणा घेतला नाही तो एकाच बाईने. जाहिदाबाईने. तिचं माप कॉम्प्युटरमध्येही नव्हतं आणि पोतडीतही नव्हतं. बाया आग्रह करायच्या, ती उडवून लावायची. "माह्यं कशाले? मी का गिऱ्हाईक हाय?" नवाब मास्टरांचा विषय निघाला की ती 'अजीमचे अब्बा' म्हणायची, आणि फारच गरज पडली तर बोट वर करून पाटी दाखवायची.

अशी दोन-चार वर्षं गेली. दोन्ही कारभार शेजारी शेजारी चालले. तहसीन टाईप करायची, जाहिदाबाई पट्टी कापायची. तहसीन आकडे काढून द्यायची, जाहिदाबाई ते पट्टीशी ताडून मगच कात्री लावायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

मग एका हिवाळ्यात नागपूरचा मशीनवाला गल्लीत आला. पिको-फॉलची नवीकोरी मशीन त्याने जाहिदाबाईला चालवून दाखवली. साडीचा काठ असा भरभर दुमडला गेला की जाहिदाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. मशीनवाल्याची नजर कोपऱ्यात गेली. म्हणाला, "हा कॉम्प्युटर द्या, मशीन घ्या. सोमवारी परत येतो."

रात्री जाहिदाबाईने तो कोपरा दोनदा टेपने मोजला. सकाळी तिने बांगडीवाल्या मीराबाईला पंच म्हणून बोलावलं आणि अट जाहीर केली. आज येईल त्या पहिल्या गिऱ्हाइकाचं माप दोघींनी काढायचं, एकीने पोतडीतून, एकीने डब्यातून. जिचं माप आधी आणि खरं, तिचा कोपरा.

तहसीनने खुर्ची टेबलापुढे ओढली. वेगाची तिला भीती नव्हती. पण सासू पैज लावते तेव्हा सासूने बाहीत काहीतरी दडवलेलं असतं, हे तिला प्लगपासून ठाऊक होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं तो एक पुरुष. चामोर्शीकडचा दादाजी, अंगात स्वेटर, हातात पिशवी, पिशवीत हिरव्या साडीतला ब्लाउज पीस. सांजच्या एसटीने ब्लाउज घेऊन परत जायचा होता, उद्या घरी कार्यक्रम होता.

"कोणासाठी शिवाचा, भाऊ?" तहसीनने विचारलं.

दादाजीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आमच्या घरी."

"घरी कोण?"

"तेच... घरचे लोक."

पंचबाईंना राहवलं नाही. "इथी नाव घेतल्याबिगर टाकाबी पडत नाई, भाऊ. बायांनी घेतले, आता तुमची पाळी." दादाजीचे कान लाल झाले. पण माणूस झाडीपट्टीचा, नाटकं पाहून मोठा झालेला. एकदा मनावर घेतल्यावर त्याने छातीवर हात ठेवला आणि खणखणीत सूर लावला:

"एसटीत जागा भेटली नाई, उभाच आलो इथी,
कुंताचं नाव घेतलं आता, माप हाय कुठी?"

मीराबाईने टाळ्या पिटल्या आणि त्याच टाळीवर शर्यत सुरू झाली. पोतडी धाडकन उपडी झाली. तहसीनने टाईप केलं, कुंता दादाजी, आणि बटण दाबलं. माप पडद्यावर. जाहिदाबाई अजून पोपटी तुकडे बाजूला सारत होती. तहसीन खुर्चीवर मागे रेलली आणि, सांगायला नको पण सांगतो, तिने पायसुद्धा हलवले. बऱ्याच वेळाने जांभळा खण सापडला. पट्टी टेपला लावली. छाती बत्तीस. डब्यातही बत्तीस. सगळे आकडे जुळले.

"खरं हाय अन् आधी हाय," मीराबाईने निकाल दिला. तहसीनने कोपऱ्यातल्या टेबलावरून मायेने हात फिरवला.

जाहिदाबाईने हिरवं कापड पसरलं, खडू उचलला. तेवढ्यात दादाजी खाकरला.

"बाई, ते माप नाई येणार."

"काऊन नाई येणार?"

दादाजी परत कॅलेंडरकडे वळला. आता तो बहुधा पुढच्या वर्षाची अमावस्या शोधत होता. "उद्याचा कार्यक्रम... ओटी भराचा हाय. आठवा लागला."

मग मीराबाईला हसू फुटलं ते तिला आवरेचना. आठव्या महिन्याच्या बाईला बत्तीसचा ब्लाउज! दोघी सासू-सुना बत्तीसवर बत्तीस ठेवून पैज लढत होत्या, आणि तिकडे कुंता केव्हाच बत्तीसच्या पुढे निघून गेली होती. तिला या खड्ड्यांच्या रस्त्याने एसटीत घालून आणणं शक्य नव्हतं, म्हणून तर नवरा आला होता.

"मंग तुह्या डब्ब्याचं माप खोटं निघालं," जाहिदाबाई म्हणाली. "अट काय होती? आधी अन् खरं."

"तुमची पट्टीबी खोटीच निघाली ना, अम्मी!"

"निघाली. पण माह्या पट्टीच्या बदल्यात कोणी पिको देत नाई."

मीराबाईने पंचाचा चेहरा करून पाहिला आणि मग तो उतरवून ठेवला. तहसीनच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा राहिला, आणि त्या कोपऱ्यात साड्यांचे काठ दुमडणारी मशीन. अन्याय होता हा, सरळ सरळ अन्याय. बाईचं अंग बदललं त्याला डबा काय करणार? त्याला दिलं ते त्याने जपलं होतं. प्लग काढला तरी जपलं होतं. एक अक्षर कधी खोडलं नव्हतं.

एक अक्षर कधी खोडलं नव्हतं.

ती ताडकन उठून बसली. "भाऊ, हे पहिलं का दुसरं?"

"दुसरं. पहिला सोनू हाय ना, आता अंगणात धावते."

"सोनूच्या वेळी ओटीचा ब्लाउज कुठी शिवला होता?"

"इथीच. तवा आमच्या... तवा कुंता स्वतःच आली होती, बहिणीकडे राह्यली होती चांद्याले." नाव आता त्याच्या तोंडातून सहज निघालं.

जाहिदाबाईचा खडू हातातच राहिला. सोनूच्या वेळची पट्टी तिने कापली होती, हे तिला आठवत होतं. आणि तिची काय गत झाली तेही आठवत होतं. कोळशाची प्रेस. जांभळ्या तुकड्यासकट.

तहसीनने रोजचा प्रोग्राम बंद केला. तो ताज्या मापावरच उडी मारायचा. तपासणीसाठी तिने दुसरा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता, उडी न मारणारा, तागा पहिल्या टोकापासून उलगडत जाणारा. त्याला तिने एकच सांगितलं, कुंता दादाजी जिथे जिथे भेटेल तिथे तिथे दाखव. डिस्क घरघरली. चांद्यातल्या बाया पडद्यामागून सरकत गेल्या, आणि एकामागून एक तीन कुंता बाहेर आल्या. नवी नवरी कुंता, खांद्याची हाडं मोजता येतील अशी. सोनू पोटात असलेली कुंता. आणि मागच्या साली बत्तीसवर परत आलेली कुंता.

"मधली," तहसीन म्हणाली. "अम्मी, मधली पाहा. छाती छत्तीस."

जाहिदाबाई उठून पडद्यापाशी आली. डोळे बारीक करून तिने मधली कुंता वरपासून खालपर्यंत वाचली, जणू ती समोर उभीच होती. मग वळून कापडाकडे गेली.

"दुसऱ्या खेपेले अंग अजून बोटभर सुटते," ती पुटपुटली. "पाठीले सैल ठेवतो, अन् आत कापड सोडतो, पाह्यजे तं उसवता येईन." आणि खडूची रेघ ओढली.

सांजच्या एसटीत दादाजीला जागा मिळाली की नाही ते माहीत नाही, पण त्याच्या मांडीवर हिरवा ब्लाउज होता. रविवारी एसटीच्या कंडक्टरजवळ त्याने पिशवीभर शिंगाडे आणि निरोप पाठवला: अंगावर शिवल्यासारखा बसला, कुंता विचारते की माप कोणी सांगतलं.

सोमवारी मशीनवाला आला. तहसीन मागच्या खोलीत दाराला कान लावून उभी होती. दारात जाहिदाबाई शिंगाडा सोलत बसली होती.

"तो डब्बा इकाऊ नाई," ती म्हणाली. "त्यात माह्या बायाईचं जवानपण ठेवलं हाय."

मशीनवाल्याला काही कळलं नाही, तो निघून गेला. त्याच दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नाही, मीराबाई नाही, अशी वेळ बघून जाहिदाबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिने गळ्यातला टेप काढला आणि सुनेपुढे धरला.

"घे."

"काय घेऊ?"

"माप घे माह्यं. अख्ख्या गावाचं हाय, माह्यंच नाई."

तहसीनने टेप लावला. इतकी वर्षं तिच्याशी भांडत होती, पण सासूचे खांदे इतके लहान आहेत हे तिला आज टेप लावल्यावर कळलं. तिने आकडे टाईप केले, जाहिदा लिहिलं आणि थांबली.

"पुढचं नाव, अम्मी."

जाहिदाबाईने सवयीने पाटीकडे बोट केलं.

"पाटीवरचं नाई चालत. घ्या लागते."

जाहिदाबाईने दाराबाहेर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि दार लावून घेतलं. पदर नीट केला. आयुष्यभर दुसऱ्यांचे उखाणे ऐकलेल्या त्या बाईने मान खाली घालून अगदी हळू म्हटलं:

"जटपुऱ्याच्या गेटाखालून सरळ जाते वाट,
नवाब मास्टरले टेपाबिगर माहीत होती माह्यी पाठ."

तहसीनने नवाब टाईप केलं, बटण दाबलं. डिस्क हलकेच घरघरली. आणि लाईन गेली.

पंखा थांबला, पडदा काळा झाला. बाहेर गल्लीत सगळ्यांनी एकदमच हाय हाय केलं. बंद दाराच्या फटीतून थोडा उजेड येत होता, त्यात जाहिदाबाईचा चेहरा दिसत होता. लाजेने लाल झालेला.

"गेलं का?" तिने विचारलं. "माह्यं नाव गेलं असन तं सांग."

डिस्कची घरघर तहसीनने ऐकली होती. माप उतरलं होतं, नाव उतरलं होतं, आता कितीही प्लग निघाले तरी ते जाणार नव्हतं. तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"गेलं ना, अम्मी," ती म्हणाली. "सगळं गेलं. पुन्हा घ्या लागते."

जाहिदाबाईने घसा साफ केला आणि नाव पुन्हा घेतलं, या वेळी जरा मोठ्याने.